कमी चाललेली डिझेल गाडी शोधू नका!

परवा टीममधल्या एका पोराने चहाच्या टपरीवर माझ्या नाकासमोर मोबाईल नाचवला. "हे बघ, २०१४ ची डिझेल हॅचबॅक, फर्स्ट ओनर, फक्त पंचेचाळीस हजार चाललीये! शनिवारी जाऊन टोकन देऊन येतो."

माझ्या पोटात गोळा आला. त्याला म्हटलं, "पंचेचाळीस हजार चाललीये म्हणूनच जाऊ नकोस." तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी पगारवाढ नको म्हणालो. मग टपरीवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

तर मंडळी, माझं म्हणणं साधं आहे. सेकंडहँड डिझेल गाडी घेताना आपण मीटरवरचा जो आकडा बघून हुरळतो, तो त्या अख्ख्या गाडीतला सगळ्यात बिनभरवशाचा आकडा असतो. आणि तो खरा निघाला तरी डिझेलच्या बाबतीत ती आनंदाची बातमी नसते.

जरा मागे जाऊ. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल सुमारे ७३ रुपये होतं आणि डिझेल सुमारे ४१. लिटरमागे तीस-बत्तीस रुपयांचा फरक! म्हणून लोकांनी पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजून छोट्या डिझेल गाड्या घेतल्या. आमच्या मामाने तर पाच महिने थांबून घेतली. आता विचार करा, जो माणूस लाखभर जास्त देतो तो गाडी चालवण्यासाठीच देतो ना? अशा माणसाची गाडी बारा वर्षांत ५२ हजार किलोमीटर चालली असं कोणी सांगितलं तर हिशोब करा. दिवसाला बारा किलोमीटर. म्हणजे घर ते भाजी मंडई आणि परत. त्यासाठी कोण डिझेल घेतं हो?

हा हिशोब मला पाचवीतसुद्धा जमला असता. पण २०२५ च्या फेब्रुवारीत मी नेमकी हीच गाडी घेतली. २०१३ चं मॉडेल, १.३ लिटरचं इंजिन, मीटरवर ५२ हजार, किंमत २ लाख ९० हजार. एजंट म्हणाला, "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे, फक्त दवाखान्यात जायला वापरायचे." (महाराष्ट्रातली प्रत्येक सेकंडहँड गाडी कुठल्यातरी डॉक्टरची असते. मग इंजिनीअर लोक एवढी वर्षं कशाने फिरत होते देव जाणे.) रंग चकाचक, सीट कव्हर नवे कोरे, एसी थंडगार. आई-बाबांना घेऊन गेलो, पेढे वाटले, हार घातला.

दोन महिन्यांनी गाडी धूर ओकायला लागली. ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी क्लचच्या पेडलचं गुळगुळीत झालेलं रबर बघितलं आणि विचारलं, "दादा, शिकलेले ना तुम्ही? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर टाकून बघितला का?" नव्हता बघितला. नंतर बघितला. २०१८ सालच्या सर्व्हिसची नोंद होती : ९६ हजार किलोमीटर. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत ९६ हजार आणि पुढच्या सात वर्षांत उणे ४४ हजार. डॉक्टरांनी सात वर्षं गाडी रिव्हर्समध्येच चालवली असावी :)

टर्बो, इंजेक्टर आणि क्लच मिळून बिल झालं ६८ हजार.

मला पैशापेक्षा जास्त लागली ती माझी अक्कल. मी दिवसभर ऑफिसात लॉग वाचून पोट भरतो. एखादा आकडा कोणालाही बदलता येत असेल तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या पोरांना शिकवतो. गाडीचा डिजिटल मीटर म्हणजे मेमरीत लिहिलेला एक आकडा. लॅपटॉप, एक केबल आणि थोडा वेळ, की झाला कमी. सर्व्हिसच्या नोंदी म्हणजे लॉग. तो खोडणं त्या मानाने अवघड. पण गाडी घेताना आपल्यातला इंजिनीअर घरी झोपतो आणि आपण स्टिअरिंगवर हात फिरवत सेल्फी काढत बसतो.

"पण खरंच कमी चाललेल्या गाड्या असतात की!" असतात ना. पण अशी डिझेल गाडी म्हणजे रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद केलेली गाडी. इंजिन नीट तापतच नाही, ईजीआर आणि इनटेकमध्ये काजळी साचत राहते. 'अजून दहा हजार कुठे झालेत' म्हणून दोन-दोन वर्षं ऑइल बदललेलं नसतं. १.३ मध्ये टायमिंग बेल्ट नसून चेन आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ती चेन त्याच ऑइलवर जगते. जुन्या, घट्ट झालेल्या ऑइलवर ती सैल पडते. त्यापेक्षा हायवेला सव्वा लाख चाललेली आणि दर दहा हजाराला ऑइल बदललेली गाडी मी डोळे मिटून... नाही, डोळे उघडे ठेवून घेईन.

मग बघायचं काय? पहिलं, नोंदी. मालकाला म्हणा, सर्व्हिस सेंटरला सोबत चला, सगळा इतिहास काढू. किलोमीटरसोबत तारखाही बघा. मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं, चहा पिऊन घरी या. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पंचेचाळीस हजार चाललेल्या गाडीला टायरचा तिसरा सेट कसा, हे विचारायला लाजू नका.

दुसरं, थंड इंजिन. सकाळी लवकर जा, आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी गाडी चालू करून ठेवली होती, आणि ते उगाच नव्हतं. मग स्वतः स्टार्ट करा. सुरुवातीला खडखडाट झाला तर चेनची शंका घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. अ‍ॅक्सिलरेटर दिला की काळे ढग म्हणजे इंजेक्टर, ईजीआर किंवा हवेचा मार्ग बघायला हवा. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर निघा तिथून. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण हळूच उघडा, आतून जोरात वाफा मारत असतील तर पिस्टन रिंगांचं काम जवळ आलंय.

तिसरं, चढ. चौथ्या गिअरमध्ये दाबून बघा. आरपीएम वाढतोय पण गाडी पळत नाही म्हणजे क्लच गेला. टर्बोची हलकी शिट्टी चालते, पण सायरनसारखा आवाज आला तर बेअरिंग बघायला लागणार.

चौथं, कागद. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही हे लक्षात ठेवा. गाडी विकणाऱ्यांनीही ऐका : नाव बदललं नसेल तर अपघाताची भरपाई नोंदणीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलंय.

आणि या सगळ्याच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा : मला डिझेल कशाला हवंय? ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि ती तीस रुपयांची मजा संपली. २०२५ मध्ये पुण्यात पेट्रोल १०४ च्या आसपास आणि डिझेल नव्वदीत होतं. पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १५ आणि डिझेलचं २० धरलं तर किलोमीटरमागे अडीच रुपयेसुद्धा वाचत नाहीत. महिन्याला सहाशे किलोमीटर चालवणाऱ्याचे वर्षाला साधारण साडेसतरा हजार वाचतात. माझं ६८ हजारांचं बिल म्हणजे जवळजवळ चार वर्षांची बचत, एका झटक्यात. त्यात २०१३ च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२८ ला संपते. पुढे फिटनेस, पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर, हे सगळं आलंच. मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या विकणंच बंद केलं. त्यांनी काहीतरी हिशोब केलाच असेल ना?

महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर हायवे असेल तर जुनी डिझेल घ्या, खुशाल घ्या. पण मग सव्वा लाख चाललेली, नोंदी असलेली घ्या आणि त्या आकड्यावरून भाव पाडून घ्या. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर रांगायचं असेल तर डिझेलचा नाद सोडा.

असो. टीममधला तो पोरगा शनिवारी गेलाच. पण मालकाला म्हणाला, आधी सर्व्हिस सेंटरला जाऊ. मालकाला अचानक गावाला जायचं आठवलं. सोमवारी चहाचे पैसे त्याने दिले. माझ्या ६८ हजारांतले तेवढेच वसूल झाले.