बायका येत नाहीत, की त्यांना कुणी बोलावत नाही?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं: ‘जागृती नाही, बायका पुढे येत नाहीत.’ आकडे पाहिले तर ते खरंही वाटतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी एकदा तरी झालेल्या दोन टक्केसुद्धा नाहीत. आणि 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आणि जवळपास 80 हजार मृत्यू.

पण सगळा दोष बायकांच्या माथी मारण्याआधी शेजारचंच उदाहरण बघा. धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, हा कर्नाटकाला लागून असलेला जिल्हा. तिथे 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखावर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी केली, तीही फक्त एकदाच. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच गटात 64.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे या गटातल्या शंभरातल्या जवळपास ऐंशी जणी तपासणीला आल्या. खेड्यातल्याच बायका. आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन, समजावून बोलावलं, म्हणून आल्या.

नेमकं काय माहीत नाही?

कॅन्सरचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. पण विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात आणि त्या काळात काहीच दुखत नाही, हे किती जणींना कुणी सांगितलंय? म्हणून ‘मला काही त्रास नाही, मग कशाला तपासू?’ असं वाटतं. आणि त्रास सुरू झाला, म्हणजे पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तरी ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून दिवस ढकलले जातात.

केंद्राच्या 2016 च्या सूचनांनुसार 30 ते 65 वयाच्या स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून प्रशिक्षित नर्सही ती करू शकते, निकाल काही मिनिटांत कळतो. मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी अशी तपासणी केल्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी घटले होते.

भाषेचा अडसर

सीमाभागात आणखी एक पेच आहे. खानापूर-निपाणीकडच्या घरात बोलणं मराठीत आणि सरकारी कागद कन्नडमध्ये. इतका खाजगी विषय परक्या भाषेत विचारायचा कसा? ‘गर्भाशयमुख’ हा शब्द तर मराठीतही बाईला आपला वाटत नाही. ती ‘पिशवीचं तोंड’ म्हणते. आशाताईने तसंच बोलावं. हा राजकारणाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सीरमने देशी लसही आणली. 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीकरणाचा उल्लेख केंद्राच्या 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाला. पण लस लेकीला वाचवेल. चाळिशीतल्या आईला तपासणीच हवी.

तेव्हा ग्रामसभेत आणि बचत गटात एवढंच विचारा: आमच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी कोणत्या वारी होते, कोण करतं आणि काही निघालं तर पुढे कुठे पाठवतात? याचं उत्तर मिळालं नाही, तर ‘बायका येत नाहीत’ म्हणायचा हक्क कुणालाच नाही.