पाण्याचा हिशेब आणि ग्रामसभा

गावाचा विकास म्हटला, की डांबरी रस्ता, पाण्याची टाकी, शाळेची इमारत अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी प्रथम आठवतात. या गोष्टी हव्यातच. पावसाळ्यात ज्या गावातून आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत नेता येत नाही, त्या गावाला रस्त्याचे मोल सांगावे लागत नाही. तथापि बांधकाम झाले म्हणजे विकास झाला, ही समजूत फसवी आहे. टाकी उभी राहते आणि उन्हाळ्यात विहीर आटली की तीही कोरडी पडते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात घरोघरी नळ देण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ शासन देऊ शकते. पण गावाचे पाणी पिण्यासाठी राखायचे की उसाला द्यायचे, हे गावालाच ठरवावे लागते.

महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हे ठरवून दाखवले. हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातले. पाण्याअभावी शेती पिकेना, म्हणून लोक मजुरीसाठी बाहेर पडत. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडे लावली गेली. अशी कामे इतरही अनेक गावांत झाली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यांच्या पुढे सुरू होते. शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही, झाडे तोडायची नाहीत, डोंगरावर मोकाट गुरे सोडायची नाहीत, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांना आणि जनावरांना लागणारे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे, अशी ही रीत. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पैशाने विहीर खोदायचा मोह आवरणे सोपे नसते. कोणताही निधी हा संयम विकत आणू शकत नाही.

मात्र अशा निर्बंधांची झळ सर्वांना सारखी लागत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. चराईबंदी झाली की चार शेळ्यांवर संसार चालवणारी भूमिहीन बाई अडचणीत येते. पुढे विहिरींना पाणी वाढते, ते जमीनमालकाच्या पिकाला मिळते. हिवरे बाजारने चराई बंद केली, तरी विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. असा विचार न करता लादलेली बंदी गरिबाच्या दृष्टीने केवळ शिक्षा ठरते.

म्हणूनच निर्णय कसा होतो, याला महत्त्व आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. मतभेद असेल तर चर्चा चालू राहते. ही पद्धत संथ खरी. पण याच गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला.

कायद्याने ग्रामसभेला स्थान दिले आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनुसार गावच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या आहेत. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी सभा भरते ती नोंदवहीपुरती. गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब होते आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. निवडून आलेल्या सरपंचबाईंच्या जागी त्यांचे पती बोलतात. ही खोड अजून गेलेली नाही.

गैरहजर राहणाऱ्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे. परंतु सभा दिवसा भरली, तर शेतमजुराची रोजी बुडते. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळा संपल्यावर पाण्याचा हिशेब मांडायचा असतो, नेमकी तेव्हाच ती दूरच्या फडावर निघालेली असतात. परतल्यावर हंडा घेऊन रांगेत उभे राहण्याची पाळी मात्र त्यांच्यावरच येते.