विजयी एक, परतणारे त्रेसष्ट

मुलांनीं खेळावें कशाला, हा प्रश्न पालकवर्गाकडून शिक्षकांस नेहमींच विचारला जातो. आणि खेळणारी जर मुलगी असेल, तर तो जरा कडक स्वरांत विचारला जातो. शरीर सुदृढ होतें, शिस्त अंगीं बाणते, चारचौघांबरोबर मिळून काम करण्याची संवय लागते, अशीं ठराविक उत्तरें आम्ही देतों. तीं खरीं आहेत. परंतु त्यांत मुख्य उत्तर राहून जातें. तें मुख्य उत्तर अमेरिकेंतील विद्यार्थिनींच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामन्यांत फार स्पष्ट दिसतें, म्हणून त्या सामन्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आपण ज्या खेळास फुटबॉल म्हणतों त्यास अमेरिकन लोक सॉकर म्हणतात. फुटबॉल हें नांव त्यांनीं हातांत चेंडू घेऊन धांवण्याच्या एका निराळ्याच दांडग्या खेळास देऊन टाकिलें आहे. त्या देशांतील विद्यापीठांत मुलींच्या सॉकरला जें स्थान मिळालें, त्याचा पाया एका कायद्यानें घातला. ता. २३ जून १९७२ रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं ज्या शिक्षणविषयक कायद्यावर सही केली, त्याच्या नवव्या प्रकरणांत असें ठरविलें गेलें कीं, सरकारी द्रव्यसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें कोणासही केवळ स्त्री किंवा पुरुष असल्याच्या कारणावरून वगळूं नये. त्या वाक्यांत खेळाचा उल्लेखसुद्धां नाहीं. तथापि विद्यार्थिनींच्या दृष्टीनें त्याचा एक मोठा परिणाम क्रीडांगणावर झाला. १९७१-७२ सालीं त्या देशांतील हायस्कुलांच्या निरनिराळ्या खेळांत भाग घेणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या; आज ती संख्या तीस लाखांच्या वर गेली आहे. कायद्यासाठीं झटलेल्या हवाईच्या प्रतिनिधि पॅट्सी मिंक यांचें नांव २००२ सालीं त्या प्रकरणास देण्यांत आलें, हें योग्यच झालें.

मुलींच्या सॉकरची पहिली राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १९८१ सालीं झाली. पुढील वर्षीं नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन या संस्थेनें आपली स्पर्धा सुरू केली, तेव्हां तींत अवघे बारा संघ होते. दोन्ही वेळां नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुली विजयी झाल्या. या विद्यापीठानें १९८६ पासून १९९४ पर्यंत लागोपाठ नऊ वर्षें अजिंक्यपद राखिलें, आणि २०२४ च्या विजयानें असोसिएशनच्या स्पर्धेंतील त्याची विजयसंख्या बावीस झाली.

आतां या सामन्यांची रचना पाहूं. असोसिएशनच्या पहिल्या वर्गांत साडेतीनशेंच्या जवळपास विद्यापीठांचे संघ आहेत. तीं विद्यापीठें निरनिराळ्या मंडळांत वांटलेलीं आहेत. या मंडळांस कॉन्फरन्स म्हणतात. ऑगस्टच्या मध्यास हंगाम सुरू होतो. आक्टोबर सरेपर्यंत मंडळांतील संघ एकमेकांशीं खेळतात, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं बहुतेक मंडळें आपापली बाद पद्धतीची स्पर्धा भरवितात. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेसाठीं चौसष्ट संघ निवडले जातात. तेथें हरला तो संघ बाद. सहा सामने जिंकील तो राष्ट्राचा विजेता.

या चौसष्टांत शिरण्यास दोन दरवाजे आहेत. सुमारें तीस संघ आपापल्या मंडळाचे विजेते म्हणून हक्कानें येतात. हा हक्क बहुतेक ठिकाणीं मंडळाच्या अखेरच्या स्पर्धेंत मिळतो. उरलेले संघ एक निवडसमिति सबंध हंगामाची कामगिरी व प्रतिस्पर्ध्यांचें बळ पाहून निवडते. यावर एक वाद नेहमीं होतो. कोणी म्हणेल, दोन महिने ज्या संघानें सर्वांस हरविलें त्याचा हक्क नोव्हेंबरांतील एका वाईट दुपारीं कां जावा? आणि हंगामभर मागें पडलेल्या संघानें तीन-चार सामने जिंकून त्याच्या पुढें कां उभें रहावें? ही तक्रार पोकळ नाहीं. अशा स्पर्धेवांचून कांहींच अडत नाहीं, हेंही अनुभवानें दिसलें आहे. पॅसिफिक किनाऱ्याकडील विद्यापीठांचें पॅक-१२ नांवाचें मंडळ २०२४ सालीं फुटलें. तोंपर्यंत त्यानें मुलींच्या सॉकरसाठीं अखेरची स्पर्धा कधीं भरविली नाहीं. तरीही त्यांतून स्टॅनफर्डनें २०११, २०१७ व २०१९ सालीं, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें २०१३ व २०२२ सालीं, आणि सदर्न कॅलिफोर्नियानें २०१६ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें.

असें असूनही माझ्या मतें दोन्ही दरवाजे उघडे असावेत. शाळेंत आपण वर्षभराचा अभ्यासही पाहतों आणि परीक्षाही घेतों. नुसती परीक्षा ठेवली, तर वर्षभर झोपून शेवटच्या आठवड्यांत जागणाऱ्यांचें फावतें. नुसता वर्षाचा हिशेब ठेवला, तर उशीरां जागा झालेला विद्यार्थी कायमचा मागें राहतो. निवडसमितीचा दरवाजा रोजच्या कष्टांस न्याय देतो. मंडळाच्या स्पर्धेचा दरवाजा लहान विद्यापीठांतील अपरिचित मुलींस सांगतो कीं, अजून वेळ गेलेली नाहीं. २०१२ सालच्या नॉर्थ कॅरोलायनाचेंच पहा. त्या हंगामांत त्या संघानें पांच सामने गमावले, आणि तरीही अंतिम सामन्यांत पेन स्टेटला चार विरुद्ध एक अशा गोलांनीं हरविलें. पांच पराभवांमुळें ज्यांचीं नांवें खोडलीं गेलीं असतीं, त्यांच्याच हातीं अखेर अजिंक्यपद आलें.

परंतु दरवाजांच्या वादाहून मोठी गोष्ट निराळी आहे. चौसष्ट संघ आंत येतात, त्रेसष्ट सामने होतात, आणि त्रेसष्ट संघ विजेतेपदावांचून घरीं परततात. ही स्पर्धा म्हणजे मुलींस जिंकावयास शिकविण्याची शाळा आहे असें मानिलें, तर चौसष्टांपैकीं एकच उत्तीर्ण होते असें म्हणावें लागेल. अशी शाळा कोण चालवील? तेव्हां तेथें शिकविलें जातें तें कांहीं दुसरेंच असलें पाहिजे.

तें काय, हें दोन उदाहरणांनीं सांगतों. २०२२ च्या अंतिम सामन्यांत नॉर्थ कॅरोलायना दोन गोलांनीं पुढें होती. लॉस एंजेलिसच्या मुलींनीं अखेरच्या दहा-बारा मिनिटांत एक गोल केला, आणि अवघे सोळा सेकंद उरले असतां दुसरा. अतिरिक्त वेळांत तिसरा गोल करून त्यांनीं सामना जिंकला. सोळा सेकंद म्हणजे पंचानें शिट्टी ओठांशीं नेण्यापुरता वेळ! त्या मुलींनीं एवढा वेळही आपला मानिला. आणि विजय ओठांपर्यंत येऊन निसटला, त्या दुसऱ्या बाजूच्या मुलींस जें सोसावें लागलें, तें कोणत्या पाठ्यपुस्तकांतून शिकवितां आलें असतें?

दुसरें उदाहरण फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाचें. साथीच्या रोगामुळें २०२० ची राष्ट्रीय स्पर्धा लांबणीवर पडून २०२१ च्या वसंतऋतूंत झाली. ता. १७ मे रोजीं अंतिम सामना एक-एक असा बरोबरींत सुटला, आणि पेनल्टी किकांवर सांता क्लारा विद्यापीठ विजयी झालें. पेनल्टीनें हरणें फार कडू असतें. सामना तर आपण हरलों नाहीं, आणि ढाल मात्र दुसऱ्याकडे गेली! परंतु त्याच वर्षीं ६ डिसेंबरला फ्लॉरिडा स्टेटच्या मुली पुन्हां अंतिम सामन्यास उभ्या राहिल्या, आणि तोही सांता क्लाराच्याच मैदानावर. ब्रिघम यंग विद्यापीठाशीं त्यांचा सामना गोलशून्य बरोबरींत राहिला, आणि या खेपेस पेनल्टी किकांनीं कौल त्यांच्या बाजूस दिला. सात महिन्यांच्या आंत एकाच संघानें त्या पेल्यांतील कडू व गोड असे दोन्ही घोट घेतले. मे महिन्यांत ज्या मुली मान खालीं घालून परतल्या, त्यांनीं पुन्हां सरावास जाण्याचें नाकारलें असतें, तर डिसेंबर आलाच नसता.

या सर्व व्यवस्थेंत एक दोष मात्र शिरला आहे, आणि तो झांकून ठेवणें बरें नव्हे. २०२४ पासून स्टॅनफर्ड हें पॅसिफिक महासागराजवळचें विद्यापीठ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्यें खेळूं लागलें. लॉस एंजेलिसचीं दोन्ही विद्यापीठें बिग टेन नांवाच्या मंडळांत गेलीं, ज्यांतील रट्गर्स हें विद्यापीठ तेथून सुमारें चार हजार किलोमीटर दूर न्यू जर्सींत आहे. हा फेरबदल मुलींच्या सॉकरसाठीं झालेला नाहीं. त्या दुसऱ्या, दांडग्या फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर दाखविण्यापासून मिळणाऱ्या पैशासाठीं तो झाला. दुसऱ्याच्या पैशासाठीं या विद्यार्थिनींनीं सबंध खंड ओलांडून सामन्यास जावें, विमानांत पुस्तकें उघडावीं, आणि अखेरच्या फेऱ्या सत्रपरीक्षांच्या तोंडावर खेळाव्या, हें शिक्षणसंस्थांस शोभत नाहीं. खेळ जोंवर शिक्षणाचा भाग आहे तोंवरच विद्यापीठांत त्यास स्थान आहे.

पालकहो, ‘हरली तर तिचें मन मोडेल’ या भीतीनें आपण आपल्या मुलींस पुष्कळदां मैदानाच्या कडेस उभें करितों. वास्तविक पुढील आयुष्यांत त्यांस हार चुकत नाहीं. ती घरांत येते, दवाखान्यांत येते, नोकरीच्या अर्जांतून येते. मग तिची पहिली ओळख हिरव्या मैदानावर, सोबतिणींच्या संगतींत, नव्वद मिनिटांच्या मर्यादेंत कां होऊं नये? मुलांस आपण ही संधि पिढ्यान् पिढ्या दिली. मुलींस ती देण्यासाठीं अमेरिकेस कायदा करावा लागला. आपल्या घरांत ती देण्यास आई-बापांचा एक होकार पुरे आहे.

आणि विद्यार्थिनींनो, जिंकण्यासाठींच खेळा. हरण्याची तयारी करून मैदानांत उतरणें हा खेळाचा अपमान आहे. परंतु शिट्टी वाजल्यावर फलक विरुद्ध बाजूस असेल, तर प्रतिस्पर्धी मुलींचा हात हातांत घ्या, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं नेहमींच्या वेळीं सरावास या. त्रेसष्टांतील ज्या ज्या संघानें एवढें केलें, तो रित्या हातानें परतला असें आम्ही म्हणणार नाहीं.