जगलेल्या झाडांचा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपणाच्या बातम्या येतात आणि पहिल्या वादळानंतर झाडे उन्मळून पडल्याच्या. मधल्या काळात त्या झाडांचे काय चालले आहे, हे विचारायला फारसे कुणी जात नाही. यंदाच्या दिवाळी अंकाच्या आरंभी आम्ही तोच प्रश्न मांडत आहोत आणि तो जालना एमआयडीसीच्या रस्त्यांबद्दल मांडत आहोत. पोलाद कारखान्यांची धूळ आणि मालट्रकांची वर्दळ सोसणाऱ्या जालन्याचे नाव २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. पाळी संपवून उन्हातून घरी निघालेल्या कामगाराला इथे रस्त्याकडेच्या झाडाचाच आधार असतो. आमचे म्हणणे असे की, झाड लावणे हा कामाचा केवळ पहिला दिवस आहे. त्यानंतरची छाटणी, तपासणी आणि वेळ आली की वाळलेले झाड उतरवणे, हे सगळे मिळून झाड सांभाळणे होते.

राज्याच्या मोहिमेचे आकडे पाहा. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट होते. चारही आकडे लावण्याचे. एमआयडीसीच्या भाडेकराराची अट याहून शहाणी आहे. भूखंडात दर २०० चौरस मीटरला किमान एक आणि रस्त्याच्या बाजूला दर १५ मीटरवर एक झाड लावावे, आणि कराराच्या पूर्ण मुदतीत ते चांगल्या स्थितीत ठेवावे, असे ती सांगते. म्हणजे १०,००० चौरस मीटरच्या भूखंडात किमान ५० झाडे. ही अट पाळली जाते का, हे दरवर्षी कुणी जाऊन पाहिले तरच तिला अर्थ आहे. जालन्याला हे समजावून सांगावे लागू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको उभी केली आणि हे शहर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. उगवणशक्तीची टक्केवारी छापल्याशिवाय बियाण्याची पिशवी दुकानात जात नाही. झाडांनाही तोच नियम लावावा आणि खड्ड्यांऐवजी तीन वर्षांनी उभ्या असलेल्या झाडांचा आकडा जाहीर करावा.

देखभाल म्हणजे काय, हे एका फांदीवरूनही कळते. तारेला लागणारी फांदी उतरवताना जाणता माणूस आधी खालून अर्धवट काप घेतो, म्हणजे ती कोसळताना खोडाची साल सोलून नेत नाही. मग तो वरून कापतो आणि उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला न दुखावता काढतो. अशी जखम झाड हळूहळू झाकून घेते. घाईत कुऱ्हाड चालली की लांब खुंट राहतो, तो वाळतो, कुजत आत जातो आणि ढोली होते. तारेच्या बाजूनेच झाड खरडले की तोल दुसरीकडे जातो. त्यात बुंध्यापर्यंत गट्टू बसवलेले आणि नालीसाठी मुळे तोडलेली. असे झाड पडले की दोष वाऱ्याला देऊन भागत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश २०१३ मध्येच दिला होता. इथे तार महावितरणची, रस्ता एमआयडीसीचा, कुंपणाआतले झाड कारखान्याचे आणि पलीकडचे शहर २०२३ मध्ये झालेल्या महापालिकेचे. मालक अनेक असले तरी झाडांची नोंदवही एकच हवी.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा. जिथे माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागली, तिथे झाडांना पाणी कुठून आणायचे? हा आक्षेप खरा आहे आणि तोच आमच्या बाजूने बोलतो. टँकर लागतो तो रोपाला, पहिली दोन-तीन वर्षे. मुळे खोल गेलेला कडुनिंब किंवा वड स्वतःचे पाणी स्वतः शोधतो. म्हणून दुष्काळी भागात उभे झाड टिकवणे हीच सर्वांत स्वस्त लागवड ठरते. दुसरी भीती वृक्षप्रेमींची: धोकादायक झाडे काढायची मुभा दिली की कुऱ्हाड निरोगी झाडांवरही चालेल. ही भीती अनाठायी नाही. पण जिथे तपासणी होत नाही, तिथेच धोक्याचे निमित्त सहज पुढे करता येते. झाडाला क्रमांक, छायाचित्र आणि लेखी पाहणी असेल, तर खोटे कारण टिकत नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितलेली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. उलट, पोखरलेले झाड उभेच ठेवले आणि ते कुणाच्या अंगावर पडले, तर लोक सगळ्याच झाडांवर उठतात. तिसरा आक्षेप पैशाचा. पण वादळानंतर रात्री क्रेन लावून रस्ता मोकळा करणे, तुटलेल्या तारा जोडणे आणि तोवर भट्ट्या थांबवणे हाही खर्चच आहे. फक्त तो झाडांच्या खात्यावर लिहिला जात नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. एमआयडीसी, महावितरण, महापालिका आणि उद्योजकांच्या संघटना यांनी एकत्र बसून एक नोंदवही करावी. दर उन्हाळ्यात प्रत्येक झाडाची पाहणी व्हावी, छाटणीची माणसे शिकवून तयार करावीत, त्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद असावी आणि किती झाडे जगली, किती उतरवली, हे दरवर्षी नागरिकांपुढे ठेवावे. वाचकांनीही आपल्या रस्त्यावरच्या झाडांची चौकशी करावी आणि उत्तर मिळेपर्यंत ती सोडू नये.

— संपादक