गुलाबाची छाटणी: कात्री केव्हा उचलायची?

मैत्रिणींनो, थंडी सरू लागली की हमखास विचारणा होते, “नवा गुलाब नुसताच उंच वाढलाय, आता छाटू का?” माझं उत्तर असतं, थांबा!

कारण ही चूक मी स्वतः केली आहे. आईनं माहेराहून कलमी गुलाब पाठवला होता. वर्षाचंही झालं नव्हतं रोप. इंग्रजी पुस्तकात ‘हिवाळ्याच्या अखेरीस छाटा’ असं वाचलं आणि इथे पुण्यात फेब्रुवारीत सगळ्या फांद्या वीतभर ठेवून कापल्या. कोवळी फूट आली खरी, पण एप्रिलच्या उन्हात करपली. कलम वाळलं आणि उरला खालचा रानगुलाब! आईला सांगायला जीभ रेटेना.

पुस्तक खोटं नव्हतं. तिकडे कडाक्याच्या थंडीत गुलाब झोपलेला असतो. जागा होण्याच्या बेतात असताना छाटला की पुढे वसंतात जोमानं फुटतो. आपल्याकडे त्याचा खरा बहर थंडीतच. म्हणून छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. छाटणीनंतर चांगला हंगाम पुढे हवा, एवढंच सूत्र.

लहान रोपाची छाटणी हलकीच करावी. वाळक्या, रोगट, काडीसारख्या आणि एकमेकींत घुसणाऱ्या फांद्या आधी काढा. जोमदार तीन-चार ठेवून त्यांचा फार तर वरचा तिसरा हिस्सा कापा. सिकेटर धारदार हवी. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या; उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. कापावर बोर्डो पेस्ट लावा आणि बुंध्याशी चांगलं कुजलेलं शेणखत घाला.

कलमाच्या सांध्याखालून येणारा फुटवा रानगुलाबाचा. तो कधीही दिसो, मुळापासून ओढून काढा. नुसता कापला तर पुन्हा येतो.

मग फेब्रुवारीत काय करायचं? सुकलेली फुलं आणि वाळक्या काड्या तेवढ्या काढा. बुंध्याशी पालापाचोळा पसरा, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकेल.

आईनं न रागावता दुसरं कलम दिलं. या खेपेला ऑक्टोबरपर्यंत कात्री पेटीतच ठेवली. डिसेंबरात पहिलं फूल उमललं, ते तिच्याच अंबाड्यात खोवलं.