मागची भिंत म्हणजे कोणती?

मुलांनो, आधी माझ्या लहानपणची एक फजिती सांगतो. छत्रपती संभाजीनगरला, मुकुंदवाडीत, आमच्या घराची दुरुस्ती चालली होती. बाबांची चिकलठाण्याच्या कारखान्यात सकाळची पाळी. म्हणून त्यांनी गवंडीमामांसाठी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली, ‘मागची भिंत पाडून टाका.’ मी चिठ्ठी पोहोचवली आणि विटीदांडू खेळायला पळालो.

दुपारी बाबा आले, तर मोरीची भिंत जमीनदोस्त! त्यांना पाडायची होती ती कुंपणाची जुनी भिंत. गवंडीमामा म्हणाले, "साहेब, चिठ्ठीत लिहिलं तसं केलं." आता यावर बाबा काय बोलणार? नवी भिंत उभी राहीपर्यंत आम्ही पत्र्याच्या आडोशाला आंघोळी केल्या, तेही ऐन थंडीत. आणि बोलणी मात्र मलाच बसली.

हे आज आठवायचे कारण असे, की अशा चिठ्ठ्या लिहिणे हे आता चांगले जबाबदारीचे काम होऊन बसले आहे. ती वाचणारा गवंडी नसतो, संगणक असतो.

तुम्ही म्हणाल, बांधकामात संगणक कुठे आला? अहो, केव्हाच आला! आपल्या नागपूर मेट्रोचेच उदाहरण घ्या. तिची पहिली गाडी २०१९ मध्ये प्रवाशांसाठी धावू लागली. तिच्या बांधणीत ‘फाइव्ह-डी बिम’ नावाची पद्धत वापरली होती. लांबी, रुंदी आणि उंची ही तीन मापे तुम्हांला ठाऊक आहेत. चौथे माप वेळेचे आणि पाचवे पैशाचे. म्हणजे एखादा खांब केवढा, तो कधी उभा राहणार आणि त्याला खर्च किती, हे सगळे एकाच ठिकाणी दिसते. लहान कामांवरही आता हजेरी, आलेले साहित्य, रोजचे फोटो मोबाइलवर नोंदवता येतात.

या नोंदी करायला आता एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ येतो आहे. विम्याचा एजंट नव्हे बरं का! हा एक प्रोग्रॅम असतो. साध्या बोलीत काम सांगितले की ते कसे करायचे हे तो स्वतः ठरवतो. त्याच्या हातात थापी नाही की ओळंबा नाही. त्याची हत्यारे म्हणजे सॉफ्टवेअरमधली ठरावीक कामे, जसे ‘हजेरी नोंदव’, ‘साहित्य मागव’, ‘मंजुरी नोंदव’. ही हत्यारे एआयला कशी जोडायची याची एक सामाईक रीत अँथ्रोपिक या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिचे नाव ‘मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल’. तीत प्रत्येक हत्याराला नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची, हे लिहायला जागा असते. हीच ती चिठ्ठी. एजंटाने ना वाळूचा ढीग पाहिलेला असतो ना भिंत. चिठ्ठीत असेल तेवढेच त्याला त्या हत्याराबद्दल कळते.

आता गंमत बघा. समजा, चिठ्ठीत एवढेच आहे, ‘साहित्य मागवते. प्रमाण द्या.’ सुपरवायझर म्हणाला, "उद्याला दोन ब्रास वाळू सांग." एजंटाने २ हा आकडा भरला. पण सॉफ्टवेअर मोजते घनमीटरमध्ये! एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. हवी होती २०० घनफूट वाळू, आली जेमतेम ७०. मग गिलावा थांबला आणि माणसे बसून राहिली. त्यातून आपला ब्रासही मोठा लबाड. वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, पण गिलावा मोजताना ब्रास म्हणजे १०० चौरस फूट!

म्हणून चांगली चिठ्ठी अशी हवी : ‘वाळू, खडी, मुरूम मागवण्यासाठी. प्रमाण घनमीटरमध्ये. कुणी ब्रास म्हटले तर २.८३ ने गुणावे. गिलाव्याच्या ब्राससाठी हे वापरू नये. माप सांगितले नसेल तर विचारावे, अंदाज करू नये.’ तारखेचेही तसेच. ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे?

वाळू परत मागवता येते. पण हजेरीचे काय? एखादी मजूर बाई मूल तापाने फणफणले म्हणून दुपारी घरी गेली आणि हत्यारात ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ एवढे दोनच पर्याय आहेत. एजंटाने ‘गैरहजर’ लिहिले तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. अर्ध्या दिवसाची नोंद कुठे करायची, हे चिठ्ठीत हवे. आणि सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच नसेल, तर चिठ्ठी कितीही छान लिहून उपयोग नाही. आधी सॉफ्टवेअर सुधारायला हवे.

सगळ्यांत अवघड चिठ्ठी ‘मंजुरी नोंदव’ची. काँक्रीटची ताकद साधारणपणे २८ दिवसांच्या चाचणीवरून पारखतात. स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे, हे इंजिनिअर ठरवतो. कुणी घाईत एजंटाला म्हणाला, "वरच्या मजल्याचं काम पुढे सरकव," आणि त्याने मधली मंजुरी आपणच नोंदवून टाकली, तर? खाली माणसे काम करत असतात! म्हणून इथे हत्यार कसे वापरायचे यापेक्षा केव्हा वापरायचे नाही, हे आधी लिहावे : ‘इंजिनिअरने स्वतः होकार दिल्याशिवाय वापरू नये.’ मला विचाराल तर तेवढ्यावरही विसंबू नये. इंजिनिअरच्या होकाराशिवाय सॉफ्टवेअरनेच ती नोंद नाकारावी आणि का नाकारली तेही सांगावे. नुसते ‘चूक झाली’ म्हटले, तर एजंट बिचारा पुन्हा तेच करत बसेल.

चिठ्ठी बरोबर आहे की नाही, हे कसे कळणार? तर करून बघण्यासारखे आहे. उद्याचे दप्तर कसे भरायचे याची चिठ्ठी लिहा आणि दुसऱ्या शाळेतल्या आतेभावाला किंवा मामेबहिणीला द्या. आई-बाबांनाही चालेल. अट एकच, त्यांनी लिहिले आहे तेवढेच करायचे आणि तुम्ही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला दप्तरातून काय निघाले, ते मला पत्राने जरूर कळवा.