ऑफ तासाच्या बाई

‘बाई, तुम्ही कधी जाणार?’

सातवीच्या वर्गात पाऊल टाकून पाच मिनिटं झाली नव्हती, तोच पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. उद्धटपणे नाही हं. स्टँडवर एस.टी. कधी सुटणार विचारावं, तसं.

वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होत्या. २०१७ पासून कायद्यानं सव्वीस आठवड्यांची रजा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. पण त्या सव्वीस आठवड्यांत वर्गाचं काय, याचा विचार शाळेनं केलेला नव्हता. तास इकडेतिकडे वाटले होते. उरलेल्या ऑफ तासांना बसायला आमच्या महिला मंडळाकडे विचारणा झाली आणि मी तयार झाले. बी.ए. मराठी, दोन मुलं वाढवलेली. तासभर वर्ग सांभाळायला असं काय लागतं?

पहिल्याच दिवशी कळलं. हजेरी घेताना एकाच नावाला तिघे ‘हजर’ म्हणाले. नंतर तोंड मिटून एक बारीक गुणगुण सुरू झाली, कुठून येते ते कळेना. मग एकाच क्षणी दहा-बारा कंपासपेट्या खाली पडल्या. पंचेचाळीस मुलं होती. (सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. असो.)

शिक्षकांच्या खोलीत सल्ला मिळाला, ‘त्या मागच्या बाकावरच्याला आधी बाहेर उभा करा. बाकीचे आपोआप गप्प बसतात.’ मी केलं. तीन दिवस केलं. आणि खरं सांगते, उपाय लागू पडला!

चौथ्या दिवशी मी वर्गात शिरले आणि तो मुलगा दप्तर घेऊन आपणहून उठला, बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. कुणी हसलं नाही. मला मात्र घाम फुटला. २००९ च्या त्याच कायद्याच्या सतराव्या कलमानं मारण्याला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही आहे. पालकांच्या सभांमधून हे मीच सांगत असते. मुलाला हात लावला नाही, म्हणजे आपण नियमात आहोत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तो गुणगुणतो की नाही, हेसुद्धा मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर जाऊन त्याला विचारलं, ‘जूनपासून या वर्गावर कोण कोण आलं रे?’ त्यानं बोटांवर मोजलं. चित्रकलेचे सर, पी.टी.चे सर, दोन वेगळ्या बाई, एकदा ऑफिसातले क्लार्क, आणि सहावी मी. कुणालाही मुलांची नावं माहीत नव्हती. जो येतो तो ‘शुद्धलेखन लिहा’ म्हणतो आणि ती वही कुणी तपासत नाही. अशा वर्गात मुलं दंगा करणार नाहीत तर काय करतील?

मी त्याच्याकडून बाकांचा नकाशा काढून घेतला, कोण कुठे बसतं ते नावानिशी. दुसऱ्या दिवशी मुलांना नावानं हाक मारली, तेव्हा निम्मी गुणगुण थांबली. निम्मीच हं! शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ती पुन्हा सुरू व्हायची आणि कधीकधी तिचा म्होरक्या तोच असायचा. पण त्याला बाहेर काढायची वेळ आली नाही.

आता थोडं स्वतःबद्दलही बोलायला हवं. मी फुकट बसत होते, म्हणून शाळेचं भागत होतं. तासिका तत्त्वावर आलेल्या एका बी.एड. झालेल्या मुलीला तासाचे पैसे मिळत. सुट्टी लागली की तेही बंद. तिला ना टेबल, ना हजेरीपट, ना कुठपर्यंत शिकवून झालंय याची कल्पना. पोरांना हे लगेच कळतं. जिला शाळाच शिक्षिका मानत नाही, तिला पोरांनी का मानावं?

रजा अचानक येत नाही, बाळंतपणाची तर नाहीच. एकाच व्यक्तीला पूर्ण काळासाठी नेमणं, तिच्या हातात नावांची यादी आणि पंधरा दिवसांचा अभ्यास देणं, आणि तिनं तपासलेल्या वहीचे गुण धरणं, यात न जमण्यासारखं काय आहे?

आणि मैत्रिणींनो, शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीनचतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. आपण जातो, चहा पितो, सही करतो. विचारलंच तर पोर्शन संपला का, एवढंच विचारतो. या महिन्यात किती तास ऑफ गेले आणि तेव्हा वर्गावर कोण होतं, हे विचारायला काय हरकत आहे?

मी विचारलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘अहो, असा हिशेब आम्ही ठेवतच नाही.’ आता ठेवतात. सध्या तरी हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं.